कबरीवरचा मजकूर कोण ठरवतं?

अमेरिकन कवी एडगर ली मास्टर्स यांचं ‘स्पून रिव्हर अँथॉलॉजी’ हे कवितांचं पुस्तक एप्रिल १९१५मध्ये न्यू यॉर्कच्या मॅकमिलननं छापलं. अमेरिकाभर ते वाचलं जात होतं. पण ज्या गावाच्या आठवणींतून ते उभं राहिलं, त्या इलिनॉय राज्यातल्या लुइस्टाउनमध्ये ते ग्रंथालयात आणि शाळांत ठेवायला मनाई होती. ही मनाई १९७४पर्यंत टिकली. ग्रंथालयाच्या मंडळावर खुद्द कवीची आई होती, आणि तिनंही मनाईच्या बाजूनं मत दिलं. पुस्तकात आहे काय, तर दोनशेहून अधिक मेलेली माणसं. टेकडीवरच्या दफनभूमीत पुरलेली ही माणसं एकेक करून बोलतात. बहुतेक जण दहा-वीस ओळी बोलून गप्प होतात. कोण कशानं मेलं, बँक कुणी बुडवली, संसारात काय सोसलं, कुणाच्या नावावर कुणाचं पाप खपलं, हे सगळं ते सांगतात.

मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. त्याची मुलंबाळं मात्र त्याच गावात राहतात, त्याच चर्चमध्ये जातात, त्याच दुकानातून उधारीवर सामान घेतात. अशा वेळी त्याच्या तोंडी शब्द घालायचा अधिकार परक्याला आहे का? आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असा संकेत आहे, आणि वाद वाढला की कुणीतरी ‘मरणान्तानि वैराणि’ म्हणतंच. माझं मत स्पष्ट आहे: कवीला हा अधिकार आहे, आणि लुइस्टाउननं साठएक वर्षं जे केलं ते चूक होतं. मरणानं वैर संपतं, संपावंही. पण मरणानं घडलेलं न घडलेलं होत नाही. या अधिकाराला अटी मात्र आहेत. त्या कोणत्या, हे मास्टर्स यांच्या पुस्तकातल्या उत्तम कवितांतून जितकं कळतं तितकंच त्यांच्या एका मोठ्या चुकीतूनही कळतं.

मास्टर्स शिकागोत वकिली करत. १९०३ ते १९११ या काळात ते नामांकित वकील क्लॅरन्स डॅरो यांचे भागीदार होते. सेंट लुइसच्या ‘रीडीज मिरर’ या साप्ताहिकाचे संपादक विल्यम मॅरियन रीडी यांनी त्यांना जुन्या ग्रीक मृत्युलेखांचा एक संग्रह वाचायला दिला होता. त्या ग्रीक परंपरेत थडग्याखालचा माणूस वाटसरूला थांबवतो आणि चार ओळींत आपली ओळख सांगतो. मे १९१४मध्ये आई मुलाकडे शिकागोला आली. दोघं गावाकडच्या जुन्या माणसांबद्दल बोलत बसले, आणि तिला आगगाडीत बसवून परत आल्यावर मास्टर्स यांनी पहिली कविता लिहिली. २९ मे १९१४पासून या कविता ‘रीडीज मिरर’मध्ये वेब्स्टर फोर्ड या टोपणनावानं येऊ लागल्या. म्हणजे ज्या गप्पांनी पुस्तक सुरू झालं त्या आईच्याच होत्या. घरात ती मोकळेपणानं बोलली आणि मंडळात तिनं पुस्तकाविरुद्ध मत दिलं. यात मला तिचा दुटप्पीपणा दिसत नाही. घरात बोललेलं छापून आलं की काय होतं, हे तिला त्या गावात राहून भोगायचं होतं; मुलगा तिथून दूर शिकागोत होता. लेखकाच्या अधिकाराबद्दल बोलताना ही किंमत कोण चुकवतं, ते विसरून चालणार नाही.

तरीही मनाई चूक होती, कारण तिच्यामागे एक गृहीत होतं: कवी आला नसता तर मेलेले गप्पच राहिले असते. तसं कधीच नसतं. दफनभूमीतला प्रत्येक दगड आधीच बोलत असतो, आणि त्याच्यावर काय कोरायचं ते पैसे देणारा ठरवतो. मास्टर्स यांच्या पुस्तकात रिचर्ड बोन नावाचा पाथरवट आहे. तो म्हणतो, मी गावात नवा होतो तेव्हा लोक कोरायला आणतात तो मजकूर खरा की खोटा हे मला ठाऊक नव्हतं. पुढे माणसं ओळखीची झाली, खरं काय ते कळलं, तरी पैसे मिळत होते म्हणून कोरत राहिलो आणि दगडांच्या खोट्या बखरीत सामील झालो. सत्य माहीत नसताना लिहिणारा किंवा कुणाच्या दबावानं ते लपवणारा इतिहासकार असाच असतो, हेही तो सांगतो. कॅशियस ह्यूफर हा दुसरा मृत तर आपल्या दगडावरच चिडलेला आहे. त्याच्या डोक्याशी लिहिलंय की त्याचं आयुष्य सौम्य होतं. तो म्हणतो, आयुष्य माझ्याशी सौम्य वागलं नाही, असं लिहायला हवं होतं. जिवंतपणी निंदकांच्या जिभांपुढे माझं काही चाललं नाही, आता मेल्यावर एका मूर्खानं कोरलेला मजकूर सोसतोय.

लुइस्टाउननं पाथरवटावर कधी बंदी घातली नाही. कुठलंच गाव घालत नाही. स्तुतीचा दगड निरुपद्रवी मानायचा आणि कवितेला बदनामी म्हणायचं, ही विभागणी मुळातच सदोष आहे. दोन्हीकडे जिवंत माणूस मेलेल्याच्या वतीनं बोलतो. फरक इतकाच की दगडाचा खर्च घरच्यांनी केलेला असतो.

आता मृताला बोलतं करण्याचं काम नीट कसं होतं ते पाहू. त्यासाठी पुस्तकातल्या पाच सलग कविता पुरतात. पहिली मिनर्वा जोन्सची. ती गावातली कवयित्री. जाड शरीर, तिरळा डोळा आणि डुलत चालणं यावरून रस्त्यावरची टवाळ पोरं तिची थट्टा करत. ‘बुच’ वेल्डी तिच्यावर बलात्कार करतो. ती डॉक्टर मायर्सकडे जाते आणि तिथेच मरते. मरताना तिचं मागणं एकच: गावच्या वर्तमानपत्रात छापलेल्या माझ्या कविता कुणीतरी गोळा करून पुस्तक काढाल का? पुढची कविता तिच्या वडिलांची. त्यानंतर डॉक्टर मायर्स बोलतो: या गावासाठी माझ्याइतकं फार थोड्यांनी केलं; मिनर्वा रडत आली, मी मदत करायला गेलो, ती मेली; माझ्यावर खटला भरला, वर्तमानपत्रांनी बदनाम केलं, बायको झुरून गेली. त्याच्या शेजारी पुरलेली त्याची बायको म्हणते की वर्तमानपत्रं खोटं लिहितात असं तो जन्मभर सांगत राहिला, पण मिनर्वाला मदत करणं हाच माणसांचा आणि देवाचा कायदा मोडणं होतं, एवढंही त्या बापड्याला कळलं नाही.

मग येतो स्वतः ‘बुच’ वेल्डी. तो मिनर्वाचं नावही घेत नाही. धर्माला लागून मी सुधारलो, एवढं एका वाक्यात सांगून तो थेट स्वतःच्या अपघाताकडे येतो. डबाबंद खाद्याच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. डाख देण्याच्या सळ्या तापवणाऱ्या भट्ट्यांसाठी रोज सकाळी अंगणातली टाकी पेट्रोलनं भरायची, त्यासाठी मोडकळीला आलेल्या शिडीवर बादल्या घेऊन चढायचं. एकदा कुणीतरी भट्टी पेटती ठेवली. ज्वाळा टाकीत ओढली गेली, स्फोट झाला, दोन्ही पाय मोडले आणि डोळे जळाले. न्यायाधीश म्हणाला, भट्टी ज्यानं चालू ठेवली तो तुझाच सहकामगार, म्हणून मालकानं काही द्यायचं कारण नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात आंधळा वेल्डी पुन्हा पुन्हा म्हणतो: मी त्याला ओळखतही नव्हतो.

हा निवाडा कवीच्या कल्पनेतला नाही. सहकामगाराच्या चुकीनं इजा झाली तर मालक जबाबदार नाही, हा नियम मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयानं १८४२मध्ये रेल्वेच्या एका खटल्यात उचलून धरला, आणि पुढची कित्येक दशकं अमेरिकेत हजारो जखमी कामगार त्याच नियमापायी रिकाम्या हातानं परतले. मास्टर्स वकील होते, त्यांना हा नियम पाठ होता. म्हणून कविता कुठेही गळा काढत नाही. शिडी, बादली, टाकी, भट्टी, निकाल, एवढ्यावर ती भागते. मृताच्या तोंडी शब्द घालणाऱ्यांची सर्वांत सामान्य चूक इथे टळली आहे. नवखा कवी मेलेल्याला तत्त्वज्ञ बनवतो. मेलेला माणूस आयुष्य, काळ, क्षमा यांवर बोलू लागतो. खरा माणूस त्याच्या कामाबद्दल, पैशांबद्दल, शेजाऱ्याबद्दल बोलतो आणि जे लाजिरवाणं आहे ते गाळतो. वेल्डीनं मिनर्वाला गाळलं, आणि त्या गाळण्यातूनच तो आपल्याला पुरता कळतो.

माझी पहिली अट इथून येते. एका मृताला बोलतं केलंत तर त्याच्या शेजाऱ्यांनाही बोलू द्या. एकटा आवाज हा आरोप असतो किंवा आरती असते. पाच आवाज एकमेकांना छेद देऊ लागले की वाचकाला स्वतः ठरवावं लागतं, आणि मृतावरचा अन्याय बराच कमी होतो. नोल्ट होहायमर हा सैनिक सांगतो की मी अमेरिकन यादवी युद्धातल्या मिशनरी रिजच्या लढाईतला पहिला बळी. गावात डुकरं चोरली होती, तुरुंग परवडला असता. आता माझ्यावर ‘प्रो पाट्रिया’ (लॅटिनमध्ये ‘देशासाठी’) असं कोरलेला ग्रॅनाइट आहे, त्याचा अर्थ तरी काय? शेजारची लिडिया पकेट म्हणते, चोरीचं वॉरंट निघायच्या आदल्या दिवशी तो पळाला हे खरं, पण कारण ते नव्हतं. मी दुसऱ्याबरोबर हिंडताना त्यानं मला पाहिलं होतं. दगड, सैनिक आणि बाई यांत कोण खरं, ते पुस्तक सांगत नाही. १९२४मध्ये मास्टर्स यांनी याच साच्यात ‘द न्यू स्पून रिव्हर’ काढलं, पण पहिल्या पुस्तकाची उंची त्याला आली नाही. साचा तोच होता. लहानपणापासून कानावर पडलेली माणसं पहिल्या पुस्तकातच खर्ची पडली होती.

दुसरी अट नावांची. मास्टर्स यांनी नावं जुळवण्याची एक रीत ठेवली होती. लुइस्टाउनजवळून स्पून नदी वाहते आणि त्यांचं बालपण गेलं त्या पीटर्सबर्गजवळून सँगमन. या दोन्ही खोऱ्यांतून एकाचं पाळण्यातलं नाव आणि दुसऱ्याचं आडनाव घेऊन ते जोडत. काही नावं इलिनॉयच्या जुन्या सरकारी कागदांतून घेतली. बाहेरच्यांना एवढा पडदा पुरला, गावाला पुरला नाही. ज्या गावात एकच बँक असते तिथे बँकेच्या अध्यक्षाचं नाव बदलून काय होणार? नाव बदलून सुटका झाली असं लेखकानं मानू नये. धंदा, घर, मरणाचं कारण आणि साल यांतल्या किमान दोन गोष्टी बदलल्याखेरीज गावचा वाचक चकत नाही.

कायद्यानंही इथे दोन वाटा आहेत. अमेरिकेत मृताची बदनामी होत नाही. वारसांना त्याच्या वतीनं दावा लावता येत नाही. आपल्याकडे तसं नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९चं पहिलं स्पष्टीकरण, जे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे, ते म्हणतं की माणूस जिवंत असता तर ज्यामुळे त्याच्या लौकिकाला बाधा आली असती असा आरोप, कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केला, तर ती बदनामी ठरू शकते. खरं असणं हा पुरेसा बचाव नाही. ते खरं लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. मराठीत असं पुस्तक लिहिणाऱ्यानं हे कलम आधी वाचावं.

मराठीचा यातला अनुभव अगदी जवळचा आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात छापली गेली आणि तिच्यावरचा अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ मे २०१५च्या निकालात, आधीच बिनशर्त माफी मागितलेल्या प्रकाशकाला न्यायालयानं सोडलं, पण कवीवरचा खटला चालू ठेवला. ऐतिहासिक, आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घातले तर निकष अधिक कडक लागतो, असा त्या निकालाचा रोख होता. मला हा रोख धोक्याचा वाटतो. त्यामुळे मृताला मिळणारं संरक्षण त्याच्या पुतळ्याच्या उंचीवर ठरतं. गांधींना माझ्या-तुमच्या संरक्षणाची गरज नाही. त्यांच्याबद्दल हजारो पानं उपलब्ध आहेत आणि कुठलीही कविता त्यांवर मात करू शकत नाही. संरक्षण हवं असेल तर ते मिनर्वासारखीला हवं, जिच्याबद्दल दुसरा एकही कागद नाही.

आणि आता मास्टर्स यांची चूक. ॲन रटलेज ही इलिनॉयमधल्या न्यू सेलम गावातली मुलगी २५ ऑगस्ट १८३५ रोजी बाविसाव्या वर्षी वारली. लिंकन यांचं तिच्यावर प्रेम होतं ही गोष्ट त्यांचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्नडन यांनी १८६६मध्ये, म्हणजे लिंकन यांच्या हत्येनंतर, व्याख्यानातून जाहीर केली. या प्रेमकथेत किती तथ्य आहे यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. १८९०मध्ये पीटर्सबर्गच्या एका अंत्यविधी व्यावसायिकानं तिचं जुनं थडगं उकरून, हाती लागलं ते नव्या ओकलंड दफनभूमीत आणून पुरलं. मास्टर्स यांनी तिच्यावर कविता लिहिली, नाव न बदलता. कवितेत ती सांगते की लिंकनच्या हयातीत त्याची लाडकी मीच, मीलनानं नव्हे तर विरहानं त्याच्याशी जोडलेली. लाखोंनी लाखोंना केलेली क्षमा माझ्यातूनच निघाली. आणि १९२१मध्ये तिच्या नव्या थडग्यावर ग्रॅनाइटचा दगड बसला, त्यावर ही कविता कोरली गेली.

रिचर्ड बोनची कविता ज्यानं लिहिली, त्याचेच शब्द एका वादग्रस्त कथेला पक्कं करणारा दगड बनले. लुइस्टाउनमध्ये पुस्तक बंद होतं त्याच काळात हा दगड पाहायला माणसं येत होती, फोटो काढत होती, आणि कवितेत वाचलेली गोष्ट इतिहास म्हणून घरी नेत होती. मृतावर अन्याय करणारी कविता म्हटलं की आपल्याला निंदा आठवते. माझ्या मते गोड कविता जास्त नुकसान करते, कारण तिला कुणी हरकत घेत नाही. निंदेला वारस असतात, ते भांडतात, उलट पुरावे आणतात. स्तुतीनं खोटं पसरलं तर ते दुरुस्त करण्यात कुणाचंच हित नसतं. शिवाय या कवितेत शेजाऱ्याचा छेद नाही. तिच्या पुढे-मागे ‘असं काही नव्हतं’ म्हणणारा एकही मृत कवीनं ठेवलेला नाही. पहिली अट मोडली, दुसरीही मोडली, आणि खरं नाव वापरलं म्हणून त्याची जबाबदारी दुप्पट होती.

खऱ्या नावांनी लिहायचंच असेल तर त्याची रीत अमेरिकन कवयित्री म्यूरिएल रुकायझर यांनी दाखवली आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली ब्रिजजवळ १९३०मध्ये हॉक्स नेस्टचा बोगदा खणायला घेतला. खडकात सिलिका फार. छिद्रं पाणी मारत पाडली तर धूळ बसते, पण काम हळू होतं. म्हणून कोरडं खणलं. कामगारांत बहुसंख्य दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय होते. फुप्फुसं सिलिकानं भरून ते मरत गेले. तिथल्या फलकावर कबूल केलेले मृत्यू १०९ आहेत, अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) चौकशीत ४७६ हा आकडा आला, आणि १९८६मध्ये एका डॉक्टरच्या अभ्यासानं अंदाज ७६४वर नेला. मृतांतल्या कित्येकांना एका शेतात पुरलं गेलं. रुकायझर १९३६मध्ये तिथे गेल्या आणि काँग्रेसच्या समितीपुढच्या साक्षी त्यांनी आपल्या कवितांत वापरल्या. त्या १९३८मध्ये प्रसिद्ध झाल्या. तीन मुलगे गमावलेल्या आईच्या कवितेत धाकटा तिला सांगतो की मी मेल्यावर मला उघडून बघायला लाव, धुळीनंच मारलं का ते. तसं असेल तर नुकसानभरपाई माग. हे साक्षीतलं आहे. मधूनमधून तिरप्या अक्षरांत प्राचीन इजिप्तच्या मृतांच्या पोथीतल्या ओळी येतात. कागद कुठे संपतो आणि कविता कुठे सुरू होते, हे वाचकाला पानावरच दिसतं. ॲन रटलेजच्या दगडावर नेमकं हेच दिसत नाही. मराठीत कुणी धरणावर, खाणीवर, गिरणीवर असं लिहायला घेतलं तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, आकस्मिक मृत्यूची पोलिसांतली नोंद आणि चौकशी आयोगाची पानं आधी मिळवावीत, आणि त्यांतले शब्द वेगळ्या अक्षरांत छापावेत. त्यानं कविता कोरडी होत नाही. रुकायझर यांची झाली नाही.

मास्टर्स यांच्या टेकडीवर आणखी एक उणीव आहे. तिथे बोलणारे जवळजवळ सगळे गोरे वसाहतकरी. यी बाउ हा एक चिनी मुलगा आहे. धर्मोपदेशकाच्या मुलाच्या एका ठोशानं त्याच्या बरगड्या फुप्फुसात घुसतात, आणि पूर्वजांशेजारी पुरलं जाणं आता कधीच नाही, एवढं तो बोलतो. ती कविता छोटी आणि अचूक आहे. पण त्या जमिनीवर आधी राहणाऱ्यांचं काय? लुइस्टाउनच्याच फुल्टन काउंटीत डिक्सन माउंड्स आहे. १९२७मध्ये डिक्सन कुटुंबातल्या एकानं आपल्या शेतातले मूळनिवासींचे दफनढिगारे खणले, सांगाडे होते तसेच जागेवर ठेवून वरची माती काढली, आणि पैसे घेऊन दाखवायला सुरुवात केली. १९४५मध्ये राज्य सरकारनं ती जागा घेतली. दोनशेहून जास्त मृत तिथे उघडे पडलेले होते आणि शाळांच्या सहली ते पाहायला येत. मूळनिवासींनी विरोध केला, स्थानिकांतल्या अनेकांनी प्रदर्शन चालू ठेवण्यासाठी जोर लावला, आणि एप्रिल १९९२मध्ये ते अखेर बंद झालं.

म्हणजे एका काउंटीत एकाच वेळी गोऱ्या मृतांच्या अब्रूसाठी पुस्तक कपाटाबाहेर ठेवलं होतं आणि दुसऱ्यांच्या मृतांची हाडं तिकिटावर मांडली होती. मेलेल्यांचा मान राखा, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारीन की कोणत्या मेलेल्यांचा. त्या ढिगाऱ्यांतल्या माणसांच्या तोंडी शब्द घालायला मास्टर्स गेले नाहीत. त्यांची भाषा, नावं, देव यांतलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि जिथे काहीच ठाऊक नाही तिथे कवीनं गप्प राहावं हे मला मान्य आहे. पण एवढ्या मोठ्या टेकडीवरून एखाद्या मृतानं पायाखालच्या त्या जुन्या कबरींचा उल्लेख करायला काय हरकत होती? तो उल्लेख करणं मास्टर्स यांच्या हातात होतं. वेल्डीच्या तोंडून मिनर्वाचं नाव ज्यानं जाणून गाळलं, त्याला न बोलण्याचं वजन कळत होतं.